लेमिंगचे चक्र आणि टुंड्रा प्रदेशातील अन्नसाखळी

टुंड्रा प्रदेशातील अन्नसाखळी आखूड व सोपी असते, असे पाठ्यपुस्तकांतून सर्रास सांगितले जाते. शेवाळ, दगडफूल व खुरटी झुडपे. त्यांवर जगणारा लेमिंग. लेमिंगवर जगणारा खोकड अथवा घुबड: तीन कड्या झाल्या की साखळी संपली. (दगडफूल म्हणजे आपल्या मसाल्यात पडते त्याच वर्गातील; ते वनस्पती नव्हे, तर बुरशी व शैवाल यांचे सहजीवन होय.) हे वर्णन चुकीचे नाही, परंतु त्यावर विसंबून राहणाऱ्यास त्या प्रदेशातील एकाही मोठ्या घडामोडीचा उलगडा होणार नाही.

या विषयाचा आरंभ चार्ल्स एल्टन याच्यापासून करणे इष्ट ठरते. 1921 साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर तो स्पिट्सबर्गेनला गेला, आणि 1923 मध्ये समरहेज याच्या सहकार्याने त्याने तेथील व बेअर बेटावरील जीवसमूहाचे विवरण प्रसिद्ध केले. त्यात जोडलेली आकृती साखळीची नसून जाळ्याची आहे. समुद्रपक्षी समुद्रात पोट भरतात व कड्यांवर विष्ठा टाकतात. त्या नत्रयुक्त खतावर वनस्पती वाढतात, वनस्पतींवर कीटक व कीटकांवर लहान पक्षी जगतात. खोकड पक्ष्यांवर तर जगतोच, पण हिवाळ्यात बर्फावर जाऊन पांढऱ्या अस्वलाने टाकलेले सीलचे अवशेषही खातो. म्हणजे या भूमीवरील साखळीचे एक टोक समुद्रात आहे. विशेष म्हणजे या द्वीपसमूहात लेमिंग मुळीच नाही, तरीही खोकड तेथे सुखाने नांदतो.

दुसरी दुर्लक्षित बाब मृत द्रव्याची. जमिनीवर उगवणाऱ्या वनस्पतींपैकी थोडाच भाग प्राण्यांच्या तोंडी लागतो. उरलेला मरून मातीत जातो. थंडीमुळे कुजण्याची क्रिया इतकी मंद चालते की पोषक द्रव्ये वर्षानुवर्षे अडकून पडतात. तथापि, हेच मृत द्रव्य खाणाऱ्या अळ्यांपासून उन्हाळ्यात माश्यांचे थवे निर्माण होतात व त्यांवर पक्ष्यांची पिले वाढतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. लेमिंगची संख्या सुमारे तीन ते चार वर्षांच्या अंतराने विलक्षण वाढते व मग कोसळते. 1924 साली एल्टनने या आवर्तनांचा संबंध हवामानाशी जोडला होता. ते मत पुढे टिकले नाही. (लेमिंग सामुदायिक आत्महत्या करतात ही तर निव्वळ दंतकथा होय, 1958 सालच्या एका अमेरिकी चित्रपटाने खोटे दृश्य रचून ती जगभर पसरविली.) मग हे चक्र फिरविते कोण: खालची कडी की वरची? अन्न संपल्यामुळे लेमिंग मरतात, की भक्षक त्यांना संपवितात?

पूर्व ग्रीनलंडमधील ट्रेल बेटावर 1988 पासून चाललेल्या निरीक्षणांनी या प्रश्नास एक उत्तर दिले. तेथील गणनेची रीत साधी आहे. बर्फ वितळल्यावर लेमिंगची गवताची हिवाळी घरटी उघडी पडतात. ती मोजावयाची, आणि त्यांपैकी किती घरट्यांत स्टोट या लहानशा मांसभक्षकाने लेमिंगला मारून मुक्काम केला होता ते पाहावयाचे. गिल्ग, हान्स्की व सिट्लर यांनी 2003 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा. हिमघुबड भटके आहे, लांब शेपटीचा स्कुआ समुद्रावरून येतो, आणि खोकड इतर भक्ष्यही खातो. लेमिंग वाढले की हे तिघे विलंब न लावता त्यांच्याकडे वळतात व वाढीला आवर घालतात. स्टोट मात्र जवळजवळ केवळ लेमिंगवर जगतो आणि वर्षातून एकदाच वितो. त्यामुळे त्याची संख्या लेमिंगच्या एक वर्ष मागे राहते. लेमिंग घटू लागले असतानाच स्टोटांची गर्दी झालेली असते, व तेच त्यांना तळाशी नेतात. चक्राचे मूळ या विलंबात आहे.

परंतु हे उत्तर सर्वत्र लागू करता येत नाही. टुर्चिन आदींनी 2000 साली दाखविले की नॉर्वेकडील लेमिंगच्या संख्यालेखाची शिखरे टोकदार असतात, तर व्होल उंदरांची गोलाकार. गणिती दृष्ट्या टोकदार शिखर हे भक्षकाचे लक्षण होय. तेथे लेमिंग हा सावकाश वाढणाऱ्या शेवाळाचा भक्षक ठरतो व त्याचा फडशा पाडून स्वतःच उपाशी पडतो. एका नावाचे प्राणी एके ठिकाणी भक्ष्य म्हणून, तर दुसरीकडे भक्षक म्हणून चक्रात बांधलेले आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन निष्कर्षांत विरोध नाही. विरोध आहे तो एकच कारण सर्वत्र शोधण्याच्या आपल्या सवयीशी.

दोन्ही ठिकाणी चक्राला आधार एकच आहे, तो बर्फाचा. लेमिंग शीतनिद्रा घेत नाही. बर्फाखालच्या भुसभुशीत थरात तो हिवाळाभर चरतो व वितोही. हिवाळ्यात ऊब येऊन पाऊस पडला की तळाशी कठीण बर्फाचा पापुद्रा धरतो व अन्न त्याखाली बंद होते. दक्षिण नॉर्वेत 1994 नंतर नियमित शिखरे दिसेनाशी झाली. पूर्व ग्रीनलंडमध्ये 2000 च्या सुमारास चक्र मंदावले, आणि हिमघुबडाची वीण तेथे जवळजवळ थांबली.

याचे पडसाद फार दूर उमटतात. सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात लेमिंग कोसळले की खोकड जमिनीवरील घरट्यांकडे वळतात व पक्ष्यांची अंडीपिले फस्त करतात. ब्रेंट हंसांच्या पश्चिम युरोपात हिवाळा काढणाऱ्या थव्यांत अशा वर्षी पिले जवळपास आढळत नाहीत. कर्ल्यू सँडपायपर या वाकड्या चोचीच्या चिखलपक्ष्याची तीच कथा. सैबेरियाच्या टुंड्रात वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. ठाण्याच्या खाडीत व शिवडीच्या चिखलपट्टीवर त्याचे थवे उतरतात. पावसाळ्याच्या अखेरीस आलेली त्या वर्षीची पिले पाठीवरील फिक्या कडांच्या, खवल्यांसारख्या दिसणाऱ्या पिसांवरून प्रौढांपासून वेगळी ओळखता येतात. काही वर्षी ती थव्यात विपुल असतात, काही वर्षी शोधूनही सापडत नाहीत.