थकीत भाडे आणि घरमालकाचे कायदेशीर मार्ग : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

भाडेकरूने भाडे थकविले म्हणजे घर आपोआप रिकामे करून घेता येते, असा समज घरमालकांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो. याउलट, भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे भाडे न भरले तरी घर जात नाही, असा समज काही भाडेकरूंमध्ये रूढ आहे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने थकबाकीच्या प्रश्नावर टप्प्याटप्प्याची कार्यपद्धती घालून दिली असून तिच्या प्रत्येक टप्प्यावर दोन्ही पक्षांना काही हक्क व काही जबाबदाऱ्या दिल्या आहेत. प्रस्तुत लेखात या कार्यपद्धतीचे स्वरूप, तिचे मर्म आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : घरमालक, भाडेकरू, थकीत भाडे, मागणी नोटीस, ताबा, सक्षम प्राधिकारी.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. त्यांपैकी निवाऱ्याची गरज शहरातील असंख्य कुटुंबे भाड्याच्या घरातून भागवितात. दुसऱ्या बाजूला प्रत्येक घरमालक धनिक असतोच असे नाही. सेवानिवृत्तीच्या पैशातून एखादी खोली बांधणारा कर्मचारी किंवा पतीच्या पश्चात माडीवरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर संसार चालविणारी स्त्री हीसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘घरमालक’च असते. भाडे थकले की अशा घरातील औषधपाणी आणि मुलांची फी थकते. त्याचबरोबर, रोजगार गेल्यामुळे भाडे थकलेल्या कुटुंबाला एका रात्रीत रस्त्यावर यावे लागले तर त्याची सामाजिक किंमतही मोठी असते. या दोन हितसंबंधांत समतोल साधणे हे भाडेविषयक कायद्याचे मुख्य प्रयोजन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) थकीत भाड्यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी स्पष्ट करणे.
२) घरमालकाने अवलंबावयाची कार्यपद्धती क्रमाने मांडणे.
३) घरमालकाला निषिद्ध असलेल्या कृतींचा परिचय करून देणे.
४) प्रचलित व्यवस्थेतील उणिवा शोधून उपाय सुचविणे.

अभ्यास पद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो मूळ कायद्यातील तरतुदी आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांवर आधारित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात भाडे नियंत्रणाची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ च्या कायद्याने झाली. स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ अस्तित्वात आला आणि भाडी सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली गेली. राज्यनिर्मितीनंतरही पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई कायदा, विदर्भात १९४६ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा कायदा आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा असे तीन कायदे दीर्घकाळ चालू राहिले. गोठविलेल्या भाड्याची पद्धत काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी डिसेंबर १९९७ मध्ये नोंदविले. त्यानंतर तिन्ही कायद्यांच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकत्रित कायदा आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या कायद्याने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा दिली आणि पागडीच्या व्यवहारास कायदेशीर मान्यता दिली.

प्रथम प्रश्न : कोणता कायदा लागू होतो?

थकबाकीबाबत कोणतीही कारवाई करण्यापूर्वी ताबेदाराचे कायदेशीर स्थान निश्चित करणे आवश्यक असते. या दृष्टीने तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार संरक्षित भाडेकरूचा. अधिनियमाच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांत निवास, शिक्षण, धंदा, व्यापार किंवा साठवण यांसाठी भाड्याने दिलेल्या जागांना हा कायदा लागू होतो. अशा भाडेकरूला कलम १५ चे संरक्षण मिळते.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्स कराराने राहणाऱ्या परवानाधारकाचा. त्याला जागा वापरण्याची केवळ परवानगी असते, जागेत भाडेहक्क निर्माण होत नाही. त्याच्यासाठी कलम २४ ची स्वतंत्र तरतूद आहे.

तिसरा प्रकार कलम ३ अन्वये वगळलेल्या जागांचा. बँका, सार्वजनिक उपक्रम, तसेच १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाड्याने दिलेल्या जागा या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. मासिक भाडेपट्टा कलम १०६ नुसार १५ दिवसांच्या नोटिशीने संपुष्टात आणता येतो. मात्र भाडे थकल्याच्या कारणावरून भाडेपट्टा जप्त केला असेल, तर कलम ११४ अन्वये सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज व खर्च देणाऱ्या भाडेकरूला न्यायालय दिलासा देऊ शकते.

कलम १५ ची कार्यपद्धती

संरक्षित भाडेकरूच्या बाबतीत कायद्याचे मूळ सूत्र असे की, भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञात वाढ देत आहे किंवा देण्यास तयार व राजी आहे आणि भाडेकराराच्या इतर अटी पाळत आहे, तोपर्यंत घरमालकाला ताबा मागता येत नाही. ‘तयार व राजी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. घरमालकानेच भाडे स्वीकारण्यास नकार दिला असेल, तर परत आलेली मनिऑर्डर किंवा बँकेतील व्यवहाराची नोंद भाडेकरूच्या बाजूने पुरावा ठरू शकते. म्हणून भाडे नाकारून थकबाकी ‘निर्माण’ करण्याचा मार्ग घरमालकाच्याच अंगाशी येतो.

मागणी नोटीस : थकबाकीच्या कारणावरून दावा दाखल करण्यापूर्वी लेखी मागणी नोटीस देणे बंधनकारक आहे. ती बजावल्यापासून ९० दिवस पूर्ण झाल्याखेरीज दावा दाखल करता येत नाही. जुन्या मुंबई कायद्यात ही मुदत एक महिन्याची होती. नोटिशीची बजावणी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मधील रीतीने करावी लागते, म्हणजे टपालाने, प्रत्यक्ष भाडेकरूच्या हाती अथवा त्याच्या निवासस्थानी कुटुंबातील व्यक्तीकडे किंवा नोकराकडे देऊन, आणि हे शक्य नसेल तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवून. नोटिशीत कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचे किती भाडे येणे आहे, याचा स्पष्ट हिशेब असावा. भाडेवसुलीच्या दाव्याची मुदत मुदत अधिनियम, १९६३ नुसार भाडे देय झाल्यापासून तीन वर्षे असते. त्यामुळे भिडेखातर वर्षानुवर्षे गप्प राहणारा घरमालक जुनी रक्कम गमावून बसतो.

दावा आणि दुसरी संधी : बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र तेथील लघुवाद न्यायालयात किंवा दिवाणी न्यायाधीशांकडे दावा दाखल करावा लागतो. दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने तोपर्यंतचे सर्व देय भाडे, थकबाकीवर द.सा.द.शे. १५ दराने सरळव्याज यांसह न्यायालयात भरले, त्यानंतर निकालापर्यंत नियमित भाडे भरले आणि न्यायालय ठरवील तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून निष्कासनाचा हुकूमनामा होऊ शकत नाही. जमा झालेल्या रकमेतून घरमालकाला योग्य ती रक्कम देण्याचा अधिकार दावा चालू असतानाही न्यायालयाला आहे.

या तरतुदीचा व्यावहारिक अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. मासिक भाडे २,००० रुपये असून ते महिनाअखेर देय आहे. भाडेकरूने जानेवारीपासून भाडे दिले नाही. ३१ डिसेंबरला २४,००० रुपयांची मागणी नोटीस बजावली गेली. ९० दिवस पुढील वर्षाच्या ३१ मार्चला पूर्ण झाले. एप्रिलमध्ये दावा दाखल झाला आणि २ जूनला समन्स बजावले गेले. त्यापासूनचे ९० दिवस ३१ ऑगस्टला पूर्ण होतात. त्या दिवशी २० महिन्यांचे भाडे ४०,००० रुपये होते. प्रत्येक हप्त्यावर दरमहा २५ रुपये व्याज धरल्यास आणि हप्त्यांच्या विलंबाची बेरीज १९० महिने होत असल्याने व्याज ४,७५० रुपये होते. म्हणजे ४४,७५० रुपये न्यायालयात भरून, पुढे नियमित भाडे व दाव्याचा खर्च देऊन भाडेकरू आपले घर वाचवू शकतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, या कलमाचा हेतू घर रिकामे करून घेणे हा नसून भाडे वसूल व्हावे हा आहे. दोन, ज्या जुन्या इमारतींत भाडे अत्यल्प आहे, तेथे ही रक्कम भरणे भाडेकरूला मुळीच जड जात नाही. तेथे थकबाकीच्या दाव्यातून ताबा मिळण्याची शक्यता कमी असते.

तथापि ही सवलत बिनशर्त नाही. जुन्या कायद्यातील समान तरतुदीचा अर्थ लावताना मृणालिनी शहा प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने भाडे नियमित भरण्याची अट बंधनकारक मानली. एकदा थकबाकी भरून पुढे अनियमित होणारा भाडेकरू संरक्षण गमावतो. त्यामुळे घरमालकाने दाव्याच्या काळातील प्रत्येक भरण्याची तारीख नोंदवून ठेवणे हिताचे ठरते.

लिव्ह अँड लायसन्स : वेगळा मार्ग

निवासासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अशा व्यक्तीला मुदतीनंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र दाखल करून बचावाची परवानगी मिळविली नाही, तर त्याला अर्जास विरोध करता येत नाही. ताब्याच्या आदेशाविरुद्ध अपील नसून केवळ पुनरीक्षणाची तरतूद आहे.

या मार्गाचा लाभ लेखी करारावर अवलंबून असतो. कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही आणि नोटरीची सही पुरेशी असते, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी न केल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम २४ ची तरतूद मुदत संपल्यानंतरची असल्याने, मुदतीच्या मध्येच शुल्क थकल्यास काय करावयाचे, याची स्पष्ट अट करारात असणे अत्यावश्यक आहे.

घरमालकाने काय करू नये?

संतापाच्या भरात नळ तोडणे, वीज बंद करणे, कुलूप बदलणे किंवा सामान बाहेर काढणे असे प्रकार घडतात. कलम २९ नुसार अत्यावश्यक सेवा तोडणे किंवा रोखणे हा गुन्हा आहे. कृष्ण राम महाळे प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, परवाना संपलेल्या व्यक्तीलाही कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. अशा कृतीमुळे न्याय्य बाजू असलेला घरमालकच आरोपी होतो. त्याचप्रमाणे, भाडे न देणे हा फौजदारी गुन्हा नसून त्याचे परिणाम दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नमूद केले. म्हणून केवळ थकबाकीसाठी पोलीस ठाण्यात जाऊन प्रश्न सुटत नाही. भाड्याची पावती देणे हेही घरमालकाचे कर्तव्य आहे.

हुकूमनाम्यानंतरची वाट

हुकूमनामा झाला म्हणजे ताबा मिळाला असे होत नाही. अपील, स्थगिती आणि दरखास्त हे टप्पे पुढे असतात. आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व मांडले की, निष्कासनाच्या हुकूमनाम्यास स्थगिती देताना भाडेकरूला वाजवी, म्हणजे बाजारभावाशी सुसंगत रक्कम भरण्याची अट घालता येते. सुपर मॅक्स प्रकरणात (२००९) ते महाराष्ट्राच्या संदर्भातही लागू करण्यात आले. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असा निर्देश राहुल शहा प्रकरणात (२०२१) देण्यात आला आहे.

करोना काळाचा अनुभव

१७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने लांबणीवर टाकावी व त्या काळात भाडेकरूंना घराबाहेर काढू नये, अशा सूचना दिल्या. वसुली पुढे ढकलणे म्हणजे भाडे माफ होणे नव्हे, हा फरक अनेकांच्या ध्यानात आला नाही. संकटकाळात हप्त्यांचा लेखी समझोता करणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते, हा त्या काळाचा बोध होय.

आदर्श भाडेकरार अधिनियम

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मान्यता दिलेल्या आदर्श अधिनियमात निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली असून सलग दोन महिन्यांची थकबाकी हे ताब्यासाठी एक कारण मानले आहे. स्वतंत्र भाडे प्राधिकरण व भाडे न्यायालयांची कल्पनाही त्यात आहे. मात्र राज्याने कायदा केल्याशिवाय या तरतुदी लागू होत नाहीत.

निष्कर्ष

१) कलम १५ भाडेकरूला थकबाकी भरण्याच्या दोन संधी देते : नोटिशीनंतर आणि समन्सनंतर.
२) ही सवलत प्रामाणिक पण अडचणीत आलेल्या भाडेकरूस आधार देते, परंतु अल्प भाड्याच्या जागेत तिचा धाक उरत नाही.
३) नोंदणीकृत करार, पावत्या व वेळेवर दिलेली नोटीस हे घरमालकाचे खरे संरक्षण आहे.
४) बळाचा वापर कायद्याने निषिद्ध असून तो घरमालकाची बाजू कमकुवत करतो.

शिफारशी

१) वारंवार भाडे थकविणाऱ्या भाडेकरूस ही सवलत पुन्हा पुन्हा मिळू नये, अशी दुरुस्ती विचारात घ्यावी.
२) ज्येष्ठ नागरिक व विधवा घरमालकांच्या थकबाकीच्या दाव्यांना प्राधान्य द्यावे.
३) नोटिशीच्या ९० दिवसांच्या काळात विधी सेवा प्राधिकरणांमार्फत समुपदेशन व तडजोडीची सोय व्हावी.
४) करार नोंदणीविषयी नगरपालिका व महाविद्यालयांच्या माध्यमातून जनजागृती करावी.

घरमालकाचे उत्पन्न आणि भाडेकरूचे छप्पर या दोहोंचे रक्षण एकाच कायद्याने करावयाचे असल्याने त्याची गती संथ असणे काही अंशी स्वाभाविक आहे. परंतु न्याय मिळण्यास लागणारा विलंबच एखाद्या पक्षाचे शस्त्र बनू लागला, तर समतोल ढळतो. तो ढळू नये यासाठी कायद्यातील दुरुस्तीइतकीच दोन्ही पक्षांची कायदेविषयक साक्षरता आवश्यक आहे.