वाढीव शक्तीची मोटार आणि तिचा क्लच

मोटारीच्या इंजिनची शक्ती वाढवणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनला इंधन आणि हवा किती द्यायची हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याच्या आज्ञा बदलल्या की त्याच इंजिनातून अधिक जोर मिळतो. परंतु तो जोर चाकांपर्यंत पोचवणाऱ्या दुव्याचा विचार पुष्कळदा मागाहून होतो. तो दुवा म्हणजे क्लच. रोज बोरिवलीहून अंधेरीस किंवा मुलुंडहून घाटकोपरला कामावर नेणाऱ्या अशा मोटारीला कोणता क्लच बसवावा, या प्रश्नाचा येथे आपण विचार करू. त्यात खिशाचा, डाव्या गुडघ्याचा आणि रस्त्यावरच्या इतरांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न गुंतलेला आहे.

आपल्या उपनगरांनी मोटारीच्या शक्तीचा हा प्रवास जवळून पाहिला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे होते आणि त्याची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. चाकणला तयार झालेल्या, २०२० साली आलेल्या पोलो गाडीचे टर्बो इंजिन त्याहूनही लहान, म्हणजे एका लिटरचे; पण त्याची शक्ती ११० अश्वशक्ती आणि आस फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, १७५ न्यूटन-मीटर होता. क्लचला तोलावा लागतो तो हा टॉर्क. म्हणून क्लच निवडताना अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा टॉर्कचा आकडा आधी विचारावा.

क्लचची रचना साधी आहे. इंजिनबरोबर फिरणारे जड फ्लायव्हील आणि त्यावर बसवलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. हा दाब एक वाटीसारखी स्प्रिंग देते. आपण पेडल दाबले की तो दाब सुटतो आणि इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून मोकळे होतात. सारा कारभार घर्षणावर चालतो.

त्याचा हिशेबही शाळेतल्या गणिताइतकाच आहे. घर्षणांक, स्प्रिंगचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या, या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची धारणशक्ती. उदाहरणापुरते धरू की घर्षणांक ०.३, दाब ५००० न्यूटन, त्रिज्या ९ सेंटिमीटर आणि बाजू २ आहेत. गुणाकार येतो २७० न्यूटन-मीटर. इंजिन १७५ चे असेल तर हा क्लच निर्धास्त आहे. आता शक्ती वाढवून टॉर्क २४० केला असे समजू. कागदावर अजूनही ३० शिल्लक आहेत. पण गर्दीत तापून घर्षणांक ०.२५ वर उतरला की धारणशक्ती २२५ होते. मूळ इंजिनला ती पुरली असती. वाढवलेल्या इंजिनला ती पुरत नाही. मग चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र वाढत नाही आणि जळका वास येतो. यालाच क्लच स्लिप होणे म्हणतात. एकदा घसरू लागलेला क्लच आणखी तापतो आणि तापल्याने आणखी घसरतो.

यावर उपाय या गुणाकारातूनच निघतात. त्रिज्या वाढवायला गिअरबॉक्सच्या कवचात सहसा जागा नसते. प्लेटची रुंदी वाढवून धारणशक्ती वाढेल, हा समज चुकीचा आहे. रुंदीने झीज आणि उष्णता वाटली जाते, पकड तेवढीच राहते. उरतात तीन मार्ग. पहिला, कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट. तिने पकड वाढते, पण पेडल जड होते आणि क्लच बेअरिंगवरचा भारही वाढतो. दुसरा, सिरॅमिक व धातूमिश्रित तुकड्यांची प्लेट. ती उष्णतेला दाद देत नाही, पण हळुवार पकडतही नाही. तिसरा, दोन प्लेटींचा क्लच. त्यात घासणाऱ्या बाजू चार होतात, म्हणून पेडल फार जड न करता धारणशक्ती वाढते. मात्र त्याची किंमत भारी आणि पुष्कळदा खडखडही जास्त.

आता आपला रस्ता पाहू. पश्चिम द्रुतगती मार्ग असो, लालबहादूर शास्त्री मार्ग असो की जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, सकाळ-संध्याकाळ गाडी चालते ती पावलापावलाने. येथे क्लच शेकडो वेळा अर्धवट सोडावा लागतो. वीसास एक अशा साध्या चढावर १२०० किलोची गाडी हाफ क्लचवर तोलून धरली, तर त्या घर्षणात एक किलोवॅटहून अधिक, म्हणजे विजेच्या इस्त्रीएवढी, उष्णता तयार होत राहते. तिथे हँडब्रेक लावणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. शर्यतीसाठी केलेला सिरॅमिक क्लच अशा गर्दीत झटके देतो. पुढे पादचारी रस्ता ओलांडत असताना गाडीने हातभर उडी घेणे ही केवळ गैरसोय नव्हे.

म्हणून रोजच्या वापरासाठी आमचे मत असे आहे. वाढीव टॉर्कच्या सव्वापट ते दीडपट धारणशक्ती असलेला क्लच पुरेसा आहे. २४० न्यूटन-मीटरसाठी ३०० ते ३६० चा क्लच घ्यावा. ६०० चा घेऊन मिरवण्यात अर्थ नाही. प्लेट चांगल्या प्रतीच्या सेंद्रिय अस्तराची आणि मध्यभागी धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांची असावी. दाब थोडा वाढवलेला असावा. याने भागत नसेल तरच दोन प्लेटींचा विचार करावा. गाडीला दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असेल तर ते काढून एकसंध फ्लायव्हील बसवल्यास थरथर वाढेल, हे आधी जाणून घ्यावे. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी लागावी म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदलावे, फ्लायव्हीलही तपासून घ्यावे. नंतर पहिले पाच-सातशे किलोमीटर गाडी सौम्यपणे चालवून अस्तर बसू द्यावे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घसरणारा क्लच एका अर्थी घरातल्या फ्यूजसारखा असतो. तो फारच बळकट केला तर अतिरिक्त जोर गिअर आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो आणि ते मोडले तर खर्च कितीतरी मोठा असतो. दुसरे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. झिजलेला क्लच बदलणे वेगळे आणि इंजिनची शक्ती वाढवणे वेगळे. म्हणून हे दुसरे काम हाती घेण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे चौकशी करणे शहाणपणाचे.

इंजिनची शक्ती मोकळ्या रस्त्यावर क्षणभर अनुभवता येते. क्लच मात्र दररोज, प्रत्येक सिग्नलला पायाखाली असतो. तेव्हा निवड त्या क्षणासाठी न करता, रोजच्या सिग्नलांसाठी करावी.