विश्लेषण : गुलमर्गमधील स्कीइंग शर्यतींचे वेळापत्रक का कोलमडते?

हिवाळ्यात गोंदियाचा पारा अनेकदा ८-९ अंशांपर्यंत घसरतो, पण बर्फ काही पडत नाही. ज्या गुलमर्गमध्ये तो हमखास पडायचा, तिथेही आता त्याचा भरवसा राहिलेला नाही. २०२५ मध्ये ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धेतील गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

गुलमर्गच का?

बारामुल्ला जिल्ह्यातील गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे. गुलमर्गहून गोंडोला, म्हणजे केबल कार, अफरवट पर्वतावर जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेते. तिचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. येथील स्कीइंगची परंपरा मात्र ब्रिटिश काळापासूनची आहे.

शर्यत कशी होते?

अल्पाइन स्कीइंगमध्ये उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत कमीत कमी वेळेत खाली यायचे असते. स्लॅलममध्ये खांब जवळजवळ, तर जायंट स्लॅलममध्ये दूर असतात. दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज निर्णायक ठरते. एक खांब चुकला तरी खेळाडू बाद होतो. गुलमर्ग परिसरातील आरिफ खान हा २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमधील भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला.

बर्फ का लांबतो?

काश्मीरमधील हिमवृष्टी मुख्यतः पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असते. भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या या प्रणाली क्षीण झाल्या किंवा उशिरा आल्या की उतार कोरडे राहतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गने तेच अनुभवले. यंत्राने बर्फ तयार करता येतो. पण त्यासाठी भरपूर पाणी आणि शून्याखालचे तापमान लागते.

फटका कोणाला?

शर्यतीसाठी बर्फ दाबून टणक करावा लागतो. पातळ थरावर वेगाने उतरणे धोक्याचे. हंगाम आखडला की सरावाचे दिवस घटतात. महाराष्ट्रासारख्या बर्फ नसलेल्या राज्यांतील खेळाडूंना तर तारीख बदलताच रेल्वे आरक्षण, मुक्काम, परीक्षा सारेच नव्याने जुळवावे लागते. आइस स्केटिंग बंदिस्त रिंकमध्ये शिकता येते. स्कीइंगला मात्र डोंगर आणि वेळेवर पडणारा बर्फ, दोन्ही हवेत.