सीमेपलीकडची जमीन : साठेखतावरचा व्यवहार कसा पारखावा?

मोपा विमानतळ २०२३ साली सुरू झाल्यापासून लगतच्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतील जमिनींकडे गोव्यातील गुंतवणूकदारांची नजर वळली आहे. यातील काही जमिनी मूळ मालकाकडून नव्हे, तर मध्यस्थाकडून देऊ केल्या जातात. मध्यस्थ शेतकऱ्याला विसार देऊन साठेखत करतो आणि मुदत संपण्यापूर्वी तोच सौदा वाढीव दराने तिसऱ्याला देतो.

येथे मूळ मुद्दा लक्षात घ्यायला हवा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार केवळ साठेखताने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मुखत्यारपत्रावरील विक्रीनेही मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून साठेखत नोंदणीकृत आहे का, त्याची मुदत किती आणि ते दुसऱ्याच्या नावे करण्याची मुभा त्यात आहे का, हे आधी वाचावे. खरेदीखतावर मात्र सर्व मूळ मालकांच्याच सह्या हव्यात.

गोव्यात एक-चौदाचा उतारा, तसा महाराष्ट्रात सात-बारा. तो महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यासोबत जुने फेरफार पाहावेत. कोकणात सामाईक खाती बरीच असतात. मुंबईला गेलेल्या एखाद्या भावाची संमती राहिली, तर वाद न्यायालयात जातो. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असल्यास शासकीय परवानगीचा प्रश्न येतो. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावरही महाराष्ट्रात निर्बंध आहेत. गोव्यातील शेतकरी असल्याचा पुरावा तेथे चालेल का, हे महसूल खात्याकडून लेखी विचारून घ्यावे. सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव कॉरिडॉरमधील वृक्षतोडीवर न्यायालयाने निर्बंध घातले असल्याने बागायतीचे बेतही तपासून पाहावेत.

दराचा हिशेबही स्वतः मांडावा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. समजा, शेतकऱ्याशी दर गुंठ्यास १ लाख रुपये ठरले आणि मध्यस्थ १ लाख ६० हजार सांगतो. २० गुंठ्यांवर त्याचा नफा १२ लाख होतो. नफा गैर नाही; पण दर योग्य की अवाजवी, हे त्याच गावातील अलीकडची नोंदणीकृत खरेदीखते सांगतील. मुद्रांक, मोजणी आणि रस्त्याचा खर्च वेगळा.

जमीन प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, मूळ मालकांना भेटल्याशिवाय आणि तालुक्यातील स्वतंत्र वकिलाकडून शोध अहवाल घेतल्याशिवाय विसार देऊ नये. ‘उद्या दुसरा ग्राहक येतोय’ या घाईने आयुष्यभराची पुंजी अडकू शकते.