संगणकाच्या पडद्यावरील पत्र आणि त्याचे साल

पेशवेकालीन पत्रव्यवहार हा मराठी गद्याच्या इतिहासाचा एक मुख्य आधार होय, तथापि एम. ए. च्या वर्गात तो आजवर बहुधा निवडक उताऱ्यांवाटेच पोहोचला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड विभागात असलाच, तर तो कुलुपात असे. आता असे जुने साधनग्रंथ ‘इंटरनेट अर्काइव्ह’सारख्या संकेतस्थळांवर छायाप्रतींच्या रूपाने वाचता येतात. सगळ्या वर्गापुढे एकच पान एकाच वेळी ठेवता येणे, ही अध्यापकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

परंतु विद्यार्थी पान वाचत नाही. तो शब्द शोधतो. पानिपतविषयक पत्रे हवीत म्हणून तो ‘१७६१’ हा आकडा टंकित करतो. हा आकडा मूळ पत्रात असण्याचे कारणच नाही. पत्रलेखकाचे साल असते ‘इहिदे सितैन मया व अलफ’. म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून शुहूर सन ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात येतो तेव्हा सुरू होते. इसवी सन काढण्यासाठी त्यात डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवावे लागतात. त्यामुळे ऑगस्ट १७६० मधील दिल्लीचा कबजा आणि १४ जानेवारी १७६१ ची लढाई एकाच शुहूर सनात पडतात. कित्येक पत्रांत तर सालही नसते; ‘छ’ या अक्षरापुढे चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना, एवढेच. मग मथळ्यावर छापलेले इसवी साल कोणाचे? संपादकाचे. अशा ठिकाणी ते मजकुरातील उल्लेखांवरून केलेले अनुमान असते, आणि शोधयंत्र अनुमान व पुरावा एकाच रांगेत आणून बसवते.

शब्दांचीही तीच गत. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. छापील प्रतीतील वेलांट्या लिप्यंतरकाराच्या. त्यावर यंत्राने केलेले अक्षरवाचन जोडाक्षरांत अडखळते. अशा शोधात एखादा शब्द सापडला नाही, एवढ्यावरून तो त्या काळी रूढच नव्हता असे विधान प्रबंधात येते. (ही चूक यंत्राची नव्हे, मार्गदर्शकाची.)

यास्तव प्रस्तुत लेखकाला एक साधा स्वाध्याय सुचवावासा वाटतो. मथळा झाकून एका पत्राची छायाप्रत विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. सन, महिना, मुक्काम आणि व्यक्तींचे उल्लेख यांवरून त्यांनी काल ठरवावा. नंतरच मथळा उघडावा. काल जुळला नाही, तर संपादकाने मजकुरातील कोणता उल्लेख प्रमाण मानला असेल, याच्या शोधात पुढचा तास घालवावा.