जर्मनीला ओळख लागत नाही

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझ्या मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, रेशनकार्ड, पीकविम्याचे कागद, दहावीची मार्कशीट, तालुक्याचा सगळा संसार त्या एका मशीनमधून जातो. हल्ली त्यात नवा गठ्ठा येऊ लागलाय. आयटीआयचं प्रमाणपत्र, पासपोर्टची पानं आणि वर पेनानं 'जर्मनीचं काम' असं लिहिलेली पिवळी फाइल. फाइलवाल्या पोराला विचारलं की उत्तर ठरलेलं. "परमिट करायचंय काका. पुण्यात एक जण करून देतो. त्याची वर ओळख आहे."

ही ओळख जुनी आहे. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या पट्ट्यातली माणसं मुंबईला गेली ती ओळखीवरच. गावातला कुणी आधी गिरणीत नाहीतर गोदीत चिकटलेला असायचा. गावकीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळायची आणि पंधरा दिवसांत तोच कुठंतरी 'लावून' द्यायचा. जर्मनीच्या बाबतीत मात्र हीच सवय आडवी येते. तिथं तुमचे कागद चार-पाच वेगवेगळी कार्यालयं बघतात आणि त्यातल्या कुणालाच दुसऱ्याचं काम करता येत नाही. एजंट विकतो ती ओळख आणि आपण घेतो, कारण आजोबांना ती खरंच उपयोगी पडली होती.

"यादीत नाव लागलंय, आता फक्त तिकीट."

२०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. मुंबईचं तिच्याशी भगिनी-शहराचं नातं १९६८पासूनचं. जुलै २०२४मध्ये शासन निर्णय निघाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जण, नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, स्वयंपाकी, ड्रायव्हर अशी तिसेक कामं, आणि जर्मन भाषेचे वर्ग शासनाच्या खर्चानं. गावात पोचेपर्यंत याचं झालं, 'सरकार दहा हजार पोरं नेणार.'

करारानं भाषेचे वर्ग मिळतात, तिथल्या मालकांशी गाठ पडू शकते. व्हिसा मिळत नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य आहे, देश नव्हे. महाराष्ट्र जसा पासपोर्ट देत नाही तसं ते व्हिसा देत नाही. व्हिसाचा कायदा जर्मनीच्या केंद्राचा आणि महाराष्ट्रातल्या अर्जांचा निर्णय मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाचा. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला वीस हजारांऐवजी नव्वद हजार व्हिसा देण्याची घोषणा केली, तीही अशीच ऐकली गेली. तो राखीव कोटा नाही. अमेरिकेसारखी सोडतही नाही. अटी पुऱ्या असतील तर तुम्ही नव्वदाव्या हजारातले की पहिल्या हजारातले, कुणी विचारत नाही. पुऱ्या नसतील तर नव्वद हजार जागा असून उपयोग नाही.

"आयटीआय झालंय. म्हणजे आपण कुशलच की."

परवा वेल्ह्याकडचा एक पोरगा आला होता. वेल्डर. शिरवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे तीन वर्षं काम. हात चांगला असणार, कारण बोलताना तो जोड कसा बसतो हे बोटांनीच दाखवत होता. प्रमाणपत्र काचेवर ठेवलं. कालावधीच्या रकान्यावर मी बोट ठेवलं: एक वर्ष. त्यानं ती ओळ कधी वाचलीच नव्हती. वाचण्याची वेळही आली नव्हती. शिरवळच्या किंवा खेड शिवापूरच्या गेटवर ट्रायलला एक जोड मारायला लावतात आणि तिथंच काय ते ठरतं.

जर्मनीचा कायदा जोड बघत नाही. २०२३मध्ये तो सुधारला आणि जून २०२४पर्यंत टप्प्याटप्प्यानं लागू झाला. त्यात नवे रस्ते उघडले, पण बहुतेक रस्त्यांच्या तोंडाशी एकच अट आहे: शिक्षण मायदेशी सरकारमान्य हवं आणि किमान दोन वर्षांचं हवं. आपल्याकडं इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. एकाच आयटीआयच्या आवारात, शेजारशेजारच्या वर्कशॉपमध्ये शिकलेली दोन पोरं. एकाला वाट आहे, दुसऱ्याला ती नाही, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

दोन वर्षांवाल्यांनी काय करावं? पहिली वाट मान्यतेची. तुमचं शिक्षण जर्मन शिक्षणाच्या किती तोडीचं आहे, हे तिथली संस्था तपासते. कारखान्यातल्या ट्रेडसाठी हे काम न्यूर्नबर्गची 'आयएचके फोसा' करते, कारागिरीच्या धंद्यांसाठी त्या त्या भागातली 'हांडवेर्क्सकामर'. आयएचके फोसाची फी १०० ते ६०० युरो असते. कागद पुरे झाल्यावर निकालाला साधारण तीन महिने लागतात. आपल्याकडच्या पोरांना बहुतेक वेळा 'अंशतः समतुल्य' असं उत्तर येतं. हे नापास नव्हे. अमुक-अमुक शिकायचं राहिलंय, एवढाच त्याचा अर्थ. मार्च २०२४पासून तर ही मान्यता तिथं जाऊन पुरी करण्याचीही सोय झाली आहे. मालकाचा करार हवा, जर्मन किमान ए२ पातळीची हवी (ए१, ए२, बी१, बी२ अशा या पातळ्या चढत जातात). मग काम करत करत तीन वर्षांपर्यंत ही प्रक्रिया संपवता येते.

दुसरी वाट अनुभवाची. गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा दोन वर्षांचा अनुभव आणि करारात ठरावीक पगार (२०२५साठी वर्षाला ४३,४७० युरो) असला तर मान्यतेची भानगड नाही. ऐकायला सोपं. पण अनुभव म्हणजे कागद, आणि आमच्या भागातली अर्धी पोरं ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. सहा महिन्यांनी ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं पुन्हा तेच मशीन. पगार कधी खात्यात, कधी हातात. पाच वर्षं मशीन चालवलेल्या माणसाकडं पाच वर्षांचा एकही पुरावा नाही, हे मी या काउंटरवर कितीदा तरी पाहिलंय. पीएफ कापला जात असेल तर यूएएन नंबरवरून पासबुक निघतं. ते आणि बँकेचं स्टेटमेंट, निदान एवढं तरी जपावं. लेटरहेडवरचं खोटं अनुभवपत्र पाचशे रुपयांत मिळतं, हेही मला ठाऊक आहे. दूतावास कंपनीला फोन करून विचारू शकतो, हे ते विकणारा सांगत नाही.

आणि एक वर्षवाले? त्यांच्यासाठी तिथं पुन्हा शिकायला जाण्याची वाट आहे, 'आउसबिल्डुंग'. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत, दोन ते साडेतीन वर्षं, दरमहा विद्यावेतन. त्यासाठी बी१पर्यंत जर्मन यावी लागते. वय एकोणीस-वीस असेल तर माझ्या मते हीच वाट सरळ. तिशी ओलांडलेल्या, दोन पोरांच्या बापाला ती जड जाते, हेही खरं.

नर्सचं गणित निराळं. जीएनएमची तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंगची चार, त्यामुळे वर्षांचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो नावाचा.

"नावाचं काय, ॲफिडेव्हिट करू."

मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललं आणि मधलं नावही. वडील गेले, नवरा आला. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. जर्मनीतल्या टेबलावर मात्र या दोन बायका असतात, एक शिकलेली आणि दुसरी अर्ज करणारी. त्यांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. गावात तो ग्रामसेवक देतो. आमच्याकडं लग्नं धूमधडाक्यात होतात आणि नोंदणी राहून जाते. मग दहा वर्षांनी पत्रिका, लग्नाचा फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढायच्या. नोटरीच्या स्टँपपेपरनं हे भागेलच असं धरून चालू नये. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे जिचं लग्न अजून व्हायचंय तिनं तेवढं लक्षात ठेवावं.

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. आता एकाच घरातल्या जुन्या-नव्या दाखल्यांवर दोन तालुके दिसतील. भाषांतर करून घेताना भाषांतरकाराला हे सांगितलेलं बरं. नाहीतर तो बिचारा दोन्हीकडं जे दिसतं तेच लिहून मोकळा.

आणखी एक घोळ अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्याचा. हेग करारात भारत २००५पासून आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली होती, म्हणून या दोन देशांत तो लागू होत नाही. त्यामुळे 'आधी सगळ्या कागदांना अपॉस्टिल करून घ्या' असं सांगणाऱ्याला दूतावासाच्या यादीत ते कुठं लिहिलंय, हे दाखवायला सांगावं.

"इंग्रजी येतं. जर्मन तिथं जाऊन शिकू."

आयटीवाल्याचं भागतं, फिटरचं भागत नाही. कायदा काही वाटांवर भाषा मागत नाही हे खरं, पण मालक मागतो, आणि करार मालकच देतो. नर्सला परवान्यासाठी बी२ पातळी लागते, त्याला पळवाट नाही. चार महिन्यांत ए१ नीट होते, बी१ला वर्षभर धरावं. पुण्यात बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. वेल्ह्याहून रोजचं जाणं-येणं परवडत नाही, म्हणून पोरं ऑनलाइन शिकतात. पानशेतच्या वरच्या अंगाला रेंज मिळाली तर.

"एजंटाला सहा लाख दिले की सगळं त्यात आलं."

'सगळं' म्हणजे काय, ते एकदा कागदावर लिहून घ्यावं. व्हिसाची फी ७५ युरो. अर्ज गोळा करणाऱ्या व्हीएफएस या कंपनीचं सेवाशुल्क वेगळं, पण व्हीएफएस फक्त अर्ज आणि बोटांचे ठसे घेतं. मंजुरी-नामंजुरीशी त्याचा संबंध नाही, तेव्हा तिथं 'सेटिंग' असूच शकत नाही. घाईचं काम असेल तर जर्मनीतला मालक तिथल्या कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. ती मालकानंच करायची. पुण्यात बसून कुणाला करता येत नाही.

परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्यानं १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक केंद्राच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासता येतो. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. मग सहा लाख कशाचे? भाषेच्या वर्गाचे, 'फाइल'चे, 'प्रोसेसिंग'चे, असं उत्तर येतं.

सगळ्यात मोठा घोळ 'ब्लॉक्ड अकाउंट'चा. हातात नोकरी नसताना शोधायला जाण्यासाठी जून २०२४पासून 'चान्सेनकार्टे' मिळतं. त्यासाठी स्वतःच्या निर्वाहाची सोय दाखवावी लागते, २०२५च्या हिशेबानं महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२. युरो शंभर रुपयांचा धरला तर तेरा लाख. हे पैसे फी नव्हेत. त्या ब्लॉक्ड खात्यात आपल्याच नावावर राहतात आणि तिथं गेल्यावर महिन्याला थोडे थोडे सुटतात. ज्याच्याकडं पुरेशा पगाराचा नोकरीचा करार आहे, त्याला हे खातं लागतच नाही. तरी करार हातात असलेल्या माणसाकडून 'ब्लॉक्डचे' म्हणून पैसे मागितल्याचं मी ऐकलंय. भाटघरच्या किंवा गुंजवणीच्या काठाला पुण्याची गिऱ्हाइकं फार्महाउससाठी गुंठे विचारत फिरतच असतात, त्यामुळे तेरा लाख उभे राहायला वेळ लागत नाही. तेवढी जमीन पुन्हा घेणं होत नाही.

पगाराचंही सांगून टाकतो. 'तीन हजार युरो' म्हणजे तीन लाख रुपये असा हिशेब घरी मांडला जातो. एकट्या माणसाच्या तीन हजारांतून कर, पेन्शन, आरोग्य विमा वजा जाऊन हातात साधारण दोन हजार ते एकवीसशे येतात. त्यातूनच खोलीचं भाडं.

"व्हिसा आला म्हणजे परमिट आलं."

इथं दोन वेगळे कागद आहेत. व्हिसा मुंबईतून मिळतो, पासपोर्टवर चिकटतो आणि त्यावर काम सुरू करता येतं. निवास परवाना जर्मनीत मिळतो. पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. मग तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करायचा आणि काही आठवड्यांनी प्लास्टिकचं कार्ड येतं. म्हणजे पुण्यात 'परमिट करून देतो' म्हणणारा माणूस, जे पुण्यात होतच नाही ते करून देतोय. ते कार्डही कायमचं नसतं. कायम वास्तव्यासाठी कुशल कामगाराला तीन वर्षं, पेन्शनचे भरलेले हप्ते आणि बी१ भाषा लागते.

व्हिसा नाकारला तर पूर्वी दूतावासाकडंच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जायचं. 'रिजेक्ट झालं तर वरून फिरवून घेऊ' यातलं 'वर' आता बर्लिनला आहे.

तो वेल्डर हे सगळं ऐकून घेत होता. मध्येच त्यानं प्रमाणपत्र उचललं, पुन्हा ती ओळ वाचली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइलमध्ये सरकवलं. एजंटाला दिलेले वीस हजार परत मिळतील का, हे त्यानं विचारलं नाही. नसरापूरची गाडी लागली होती, तिथून पुढं त्याला वेल्ह्याची बघायची होती. दुकानाच्या पायरीवरून वळून म्हणाला, "काका, आमचा कोर्स एक वर्षाचाच का ठेवला असंल त्यांनी? शिकायला तर अजून लई होतं."