वेठीची गाठ कशी सुटली?

अर्नाळ्याचा किल्ला आणि बंदर साऱ्यांना ठाऊक आहे. पण याच वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर कर्जापायी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कातडीच्या रंगावरून माणसाला हीन लेखण्याच्या परदेशातील हकिकती आपण वाचतो. आपल्याकडे वारली, कातकरी यांच्या वाट्याला जन्मावरून तेच आले.

लग्नासाठी वारली तरुण सावकाराकडून थोडे पैसे उचली आणि ते फेडण्यासाठी त्याच्याकडे राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. हिशेब सावकाराच्या वहीत. गड्याला अक्षरओळख नाही. कर्ज काही फिटत नसे आणि बायकोही त्याच कामाला जुंपली जाई. जमीनदाराची वेठ आणखी वेगळी. स्वतःच्या शेतात आवणीची घाई असली तरी आधी मालकाचे शेत!

मग सरकार काय करीत होते? कर्जाच्या कागदांवर वारल्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या, तेव्हा कचेरीने कागद पाहिला, माणूस पाहिला नाही. जंगल राखीव झाले आणि पिढीजात वहिवाट गुन्हा ठरली. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात वेठ आणि मारहाण यांची हकिकत सरकारपुढे मांडली. तरीही वेठ चालूच राहिली.

ती मोडली वारल्यांनीच. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने त्यांना एकत्र आणले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव साधेच होते : वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाऊल ठेवायचे नाही, मार निमूटपणे सोसायचा नाही. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. तरीही वारली मागे हटले नाहीत.

स्वातंत्र्य आले, तरी कर्जाची चाकरी ठिकठिकाणी उरलीच. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरवले आणि वेठीला धरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. पण कायदा पाड्यावर आपल्या पायाने चालत येत नाही. वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून वेठबिगारांना सोबत घेऊन तो कायदा कचेरीकडून अमलात आणवला.

शेतकरी बंधुभगिनींनो, यात आपल्यासाठीही बोध आहे. आपणही सावकाराच्या वहीचे चटके सोसले आहेत. मग आपल्या वाडीवर येणाऱ्या मजुराचा हिशेब त्याच्यासमोर मांडा, वाचून दाखवा, मजुरी ठरल्याप्रमाणे हातावर ठेवा. उचल घेतली म्हणून कोणाला वीटभट्टीवर किंवा शेतावर अडकवून ठेवले असेल, तर तहसीलदाराला कळवा. ज्याच्या घामावर आपले पीक उभे राहते, त्याला ताठ मानेने उभे राहता आले पाहिजे.